बाबांच्या फोनमध्ये व्हायरस नव्हताच

रात्री साडेदहाला बाबांचा फोन आला. "अगं, फोनमध्ये व्हायरस शिरलाय. बँकेतले पैसे जातील म्हणतोय." बाबा वाईला एकटे राहतात, मी ठाण्यात. वय एकाहत्तर. माणूस कधी घाबरत नाही, पण त्या रात्री आवाज कापत होता.

पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी जे काढले ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. कारण उपाय होता दोन मिनिटांचा. तो आम्हाला कुणी सांगितला नाही, म्हणून मी लिहून ठेवतेय.

दर दहा-पंधरा मिनिटांनी फोन टुंग करून वाजायचा आणि वर पट्टी यायची. ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले’, ‘बॅटरी खराब होत आहे, आत्ताच दुरुस्त करा’, ‘तुमचं पार्सल अडकलं आहे’. मध्येच एखादं अश्लील चित्र. बाबांना त्याची इतकी लाज वाटली की ती गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या दिवशी सांगितली. रात्री ते फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायचे. सायलेंटवर का टाकत नाही विचारलं, तर म्हणाले, "तुझा फोन आला तर?"

आधी मी त्यांना ॲन्टीव्हायरस घ्यायला लावला. त्याने सगळा फोन तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे. आणि बाबा मला हे वाचून दाखवत असतानाच फोन वाजला, ५ व्हायरस सापडले! मग मी म्हटलं, नको ती ॲप काढून टाका. त्यांनी पंचांगाचं काढलं, गॅस बुकिंगचं काढलं. फरक शून्य. मग ब्राउझरची हिस्टरी पुसायला लावली. त्यानेही काही झालं नाही, आणि का झालं नाही हे मला नंतर कळलं. नुसती हिस्टरी पुसून साइटला दिलेली परवानगी जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन हातात घेतला, एकदा पट्टी खाली ओढली आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल, पाचशे रुपये." फॉरमॅट केला असता तर त्रास थांबलाही असता. पण बाबांच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप कधी घेतलेला नव्हता. शेताच्या मोजणीचे फोटो, भाऊबंदांशी झालेली सगळी बोलणी त्यातच होती. नशीब, त्यांनी आधी मला विचारलं.

खरं घोडं अडलं ते फोनवरून समजावण्यात. माझा फोन इंग्रजीत, त्यांचा मराठीत. मी म्हणतेय, "बाबा, सेटिंगमध्ये नोटिफिकेशन शोधा." ते म्हणतात, "असं काही नाहीये इथे." मी परत म्हणतेय, ते परत म्हणतात नाही. वीस मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी मी चिडून बोलले, "नीट बघा ना जरा!" त्यांनी फोन ठेवून दिला. त्यांच्या फोनवर त्याला ‘सूचना’ म्हणतात. शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्यांना दुसराच शोधायला लावत होते. ती चूक माझी होती, आणि मी त्यांना तसं सांगितलं. लांबून आईवडिलांना काही समजवायचं असेल तर आधी आपल्या फोनची भाषा त्यांच्यासारखी करून घ्या, मग बोला.

चौथ्या दिवशी शेजारच्या मुलाने पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून त्या पट्टीचा स्क्रीनशॉट काढला आणि मला पाठवला. मी तो मोठा करून बघितला. वर ठळक अक्षरांत व्हायरसचं, आणि त्याच्याही वर, सहज नजरेतून सुटेल अशी बारीक करडी ओळ: एक गोल चिन्ह, शेजारी ‘क्रोम’, मग एक ठिपका आणि कुठल्याशा साइटचा अगम्य पत्ता. मला तिथेच उजेड पडला. हे कुठलंही ॲप नव्हतं, व्हायरस नव्हता. एका साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली होती आणि ती क्रोमच्या, म्हणजे फोनमधल्या ब्राउझरच्या, दारातून राजरोस आत येत होती. ॲन्टीव्हायरसला काही सापडणार कसं? सापडण्यासारखं आत काही नव्हतंच.

मग काम भराभर झालं. ती पट्टी बोटाने दाबून धरायची, की ती बंद करायचा पर्याय येतो. पण तेवढ्यावर थांबू नका. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना. तिथे परवानगी असलेल्या साइटची यादी असते. बाबांच्या यादीत अकरा निघाल्या. एकेक उघडून परवानगी काढली. मग त्याच पानावर सगळ्यात वरचं बटणच बंद केलं, म्हणजे यापुढे कुठलीही साइट विचारणारसुद्धा नाही. टुंग थांबलं. बाबा फोन हातात धरून बराच वेळ नुसते बसले होते, मी पलीकडे ऐकत होते.

आता, हे आलं कुठून? बाबांना सातबारा बघायचा होता. त्यांनी शोधलं आणि वर जे आलं ते दाबलं. पान उघडलं, त्यावर मोठा बाण आणि मजकूर: ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या दाबा’. सरळ माणूस काय करेल? दाबेल. त्या दाबण्याचा रोबोशी काडीचाही संबंध नसतो. ती सूचनांची परवानगी असते. मला खरा संताप या वाक्याचा आहे. खरी पडताळणी चौकटीत खूण करायला सांगते, चित्रं ओळखायला लावते. ती कधीही ‘अनुमती द्या’ दाबायला सांगत नाही. आणि सातबारा महाभूलेख या सरकारी साइटवर फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढं बघायचं.

अजून एक राहिलं. बाबांनी घाबरून एका पट्टीवर बोट ठेवलं होतं आणि त्यातून एक ‘क्लीनर’ ॲप फोनमध्ये आलं होतं. सूचना बंद केल्यावरही ते पूर्ण स्क्रीनभर जाहिराती दाखवत होतं. त्यामुळे मागच्या आठवड्यात काय काय ॲप आली तेही बघा आणि अनोळखी असेल ते काढा. कुठलीही वेबसाइट तुमच्या फोनमधले व्हायरस मोजू शकत नाही. मोजले म्हणत असेल तर ती खोटं बोलतेय.

स्क्रीनभर इशारा येऊन फोन थरथरायला लागला तर त्यावरची फुलीसुद्धा दाबू नका. ती फुली बऱ्याचदा चित्रच असते आणि दाबली की दुसरीकडे नेते. बाहेर या, टॅबच बंद करा. साइट सेटिंग्जमध्ये पॉप-अप (आपोआप उघडणाऱ्या खिडक्या) आणि रीडायरेक्टचंही (परस्पर दुसऱ्या पानावर नेणं) बटण असतं, तेही बंदच असू द्या. माझ्या स्वतःच्या फोनवर मी आता फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर वापरते. त्यात यूब्लॉक ओरिजिन ही जाहिराती अडवणारी जोडणी टाकता येते, अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अशी जोडणी टाकता येत नाही. बातम्यांची पानं आता मला शेवटपर्यंत वाचता येतात.

हे सगळं नुसतं त्रासदायक नाही, बेकायदाही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे साइट आणि ॲपवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत आणि व्हायरसची खोटी भीती घालून पैसे उकळणं हा त्यातलाच एक आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. बाबांचे गेले नाहीत, तरी मी त्यांना बँकेचा पासवर्ड बदलायला लावला.

दिवाळीत मावशीकडे गेले तेव्हा तिचाही फोन जेवताना चार वेळा वाजला. मी हात धुऊन तो हातात घेतला आणि यादी उघडली. तेवीस साइट. मावशी म्हणाली, "मला वाटलं फोन जुना झाला की असंच होतं."