आण्णांनी बंद केलेला नळ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, या एका लग्नसराईत तिसऱ्यांदा विचारलंत. "आपल्याकडं प्यायला पाणी नाही आन् तू समुद्रातल्या विषाणूंचं काय करायलीस बाई?"

तर पहिलं, हे विषाणू माणसाला लागत नाहीत, बॅक्टेरियाला लागतात. फाज म्हणतात त्यांना. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १ कोटी असतात, आणि हे १९८९ मध्ये नॉर्वेच्या लोकांनी मोजलं तेव्हा कुठं कळलं, तोवर सगळे समजत होते की किरकोळ असतील. रोज समुद्रातले अंदाजे २० टक्के बॅक्टेरिया हे फोडतात. फुटलेल्या पेशीतला कार्बन, नायट्रोजन, लोह परत पाण्यात येतं, माशांपर्यंत पोचतच नाही, दुसरे बॅक्टेरिया खातात. ताग फुलावर आला की आपण नांगरून रानातच गाडतो ना, तसं, फक्त रोज आणि आख्ख्या समुद्रात.

लातूरच्या पाण्याशी याचा काय संबंध? काही नाही. आधी मी पाऊस अरबी समुद्रातून येतो वगैरे सांगून ओढूनताणून धागा जोडायचे, मुलाखतीतसुद्धा. आता लाज वाटते. पण मग तुम्ही त्या पुण्याच्या पोराला, जो कंपन्यांसाठी जाहिरातींचे आकडे बघतो, त्याला का नाही विचारत की गावाला काय उपयोग?

खरं सांगायचं तर तुमच्या आधी हे माझ्या वडिलांनी, आण्णांनी विचारलंय, न बोलता. २०१६ चा मे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आमचा बोअर कधीच आटलेला. आण्णा पहिल्यांदा माझी लॅब बघायला आले. कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचा जुना काचेचा प्लांट, त्याला थंड ठेवायला नळ सतत चालू आणि ते पाणी सरळ नालीत. मी फिल्टर लावत होते, वीस लिटर समुद्राचं पाणी गाळायचं, लोहाचं क्षार टाकायचं, विषाणू त्याला चिकटतात, ते परत गाळायचं आणि पाणी बेसिनमध्ये ओतून द्यायचं. आण्णा बराच वेळ नालीकडं बघत उभे होते. मग गेले आणि नळ बंद केला. मला कळलंच नाही. वीसेक मिनिटांत प्लांटचं उकळतं भांडं कोरडं पडून तडकलं. सर चिडले, आणि मी सगळ्यांसमोर आण्णांना म्हणाले, "तुम्हाला यातलं काही कळतं का?"

ते म्हणाले, "पाणी वाया चाललं होतं गं."

रात्रीच्याच गाडीनं परत गेले. जेवलेसुद्धा नाहीत.

नळ बंद करायला नकोच होता, हे मी आजही म्हणते. आणि नालीत चाललेलं पाणी त्याआधी तीन वर्षं मला दिसलं कसं नाही, हेही.

आण्णा आता गावात सांगतात, पोरगी पाण्याची डॉक्टर आहे. मागच्या उन्हाळ्यात शेजारचे काका आले, बोअर कुठं घ्यावा म्हणून. मला त्यातलं काडीचं कळत नाही. तरी गेले, त्यांच्या रानातून एक चक्कर मारून आले.