कार्डावर मलेरियाची एक ओळ लिहून घ्यायला तीन खेपा

आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले, त्यामुळे मलेरियाचं काही नवल नाही. सातव्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला, आशाताई घरी आल्या, बोट टोचलं, वीसेक मिनिटांत किटवर फाल्सिपेरमची (मलेरियाचा जास्त घातक प्रकार) लाईन. तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या (प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध गरोदरपणात देत नाहीत, कोणी दिलं तर विचारा) आणि ताप उतरला. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते बाळंतपणानंतर. बाळ 2 किलो 300 ग्रॅमचं. बाळाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तुमच्या मलेरियाची नोंद माता-बाल कार्डावर करून घ्या, बाळाला ताप आला तर पुढच्या डॉक्टरला ते आधी दिसलं पाहिजे, मलेरियाची स्लाइड बघायची लगेच सुचेल.

मग गेले दवाखान्यात. बाई म्हणाल्या, गरोदर मातांच्या रजिस्टरला हा ताप नाही, हिवतापवाल्यांकडे जा. हिवतापवाले भाऊ म्हणाले, नाव आहे पण गरोदर असं लिहिलेलं नाही आणि ते कार्ड आमच्या खात्याचं नाही. दुसऱ्या खेपेला बाई रजेवर. तिसऱ्या खेपेला 16 दिवसांचं बाळ कुशीत, एसटीत उभं राहून गेले, आणि तिथे एक तास बाकावर, समोर दोन्ही रजिस्टरं एकाच टेबलावर! एकमेकांना चिकटून! मी फोनमधला किटचा फोटो दाखवला, तारखेसकट, तेव्हा कुठे भाऊंनी पेन उचललं. म्हणून आधीच सांगायला हवं होतं, किट फेकायच्या आत फोटो काढा.

सासूबाई म्हणायच्या, आम्हाला नाही का आला हिवताप, पोरं धडधाकट निघाली. मॅडमनी सांगितलं ते असं, लहानपणापासून ताप येऊन थोडी ताकद येते, पण फाल्सिपेरम शिरलेल्या रक्तपेशी वारेत (प्लासेंटात) चिकटतात, त्याविरुद्धच्या अँटिबॉडी (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) पहिल्या गरोदरपणात आईकडे नसतातच, म्हणून पहिलटकरणीला जास्त धोका. बाळाच्या रक्तात आईच्या अँटिबॉडी वारेतूनच जातात, त्यातल्या बऱ्याचशा शेवटच्या तीन महिन्यांत, आणि माझा ताप नेमका तेव्हाच. वारेत सूज आली की आईकडे असलेल्याही अँटिबॉडी बाळापर्यंत कमी पोचू शकतात. गोवर, धनुर्वात यांच्या बाबतीत काही अभ्यासांत असं दिसलंय, काहींत नाही. मलेरियाच्या अँटिबॉडीपण उतरतात, पण त्या काही महिन्यांत विरतात, त्यांच्या भरवशावर बाळाला मच्छरदाणीबाहेर झोपवायचं नाही.

पहिला चीक पाजलात ना, असं सगळे विचारतात. पाजला, तो पाजायचाच, पण त्याचा रस्ता वेगळा, वारेतून जे राहिलं ते त्यातून भरून निघत नाही. म्हणून लसी तारखेलाच. जन्माच्या बीसीजी आणि हिपॅटायटिस बी झाल्या, गोवर-रुबेलाची नऊ महिने पूर्ण झाल्यावर, ती मी कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवलीये.

हो, आणि डासांची जाळी धुवून वाळवताना सावलीत टाका, औषध भरलेली असेल तर उन्हात त्याचा जोर जातो, हे मला त्याच भाऊंनी सांगितलं, शिक्का उलटा मारून झाल्यावर.