रिक्रूटचा गार्ड्समन होईपर्यंत: माझा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, राहून जात होतं. मी मूळचा जालन्याचा, नोकरीला पुण्यात, आणि गेली काही वर्षं माउंट अँड ब्लेड वॉरबँड या कॉम्प्युटर गेमच्या नेपोलियॉनिक वॉर्समध्ये एका रेजिमेंटमध्ये खेळतोय. रेजिमेंट म्हणजे खरी फौज नाही, ऑनलाईन खेळणाऱ्या लोकांचीच आहे, पण ब्रिटिश फूट गार्ड्सवर, म्हणजे तिकडच्या राजाच्या खास पायदळावर बेतलेली, त्यातही कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीवर. नाव इथे देत नाही कारण आतल्या लोकांना विचारलेलं नाही. पण आत कसं शिरायचं, रिक्रूटचा म्हणजे नवख्याचा गार्ड्समन म्हणजे पक्का शिपाई कसा होतो, आणि भारतातून हे जमतं का, हे मला त्या वेळी कुणी मराठीत सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हा वॉरबँडचा जोड भाग, एप्रिल २०१२ मध्ये आला, फ्लाइंग स्क्विरल नावाच्या टीमने बनवला, एका सर्व्हरवर २०० जणांपर्यंत खेळता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो, मी त्याच कारणाने घेतला होता. हातात मस्केट. एक गोळी झाडली की परत भरायला एका जागी थांबावं लागतं, हललात की भरणं तुटतं, परत पहिल्यापासून. आणि गोळी जाते कुठेही, पन्नास-साठ पावलांवर उभा असलेला माणूस हुकतो. त्यामुळे एकटा माणूस यात काहीच नाही. पण वीस जण खांद्याला खांदा लावून एका हुकमावर झाडतात तेव्हा समोरची रांग अर्धी खाली बसते. तो धूर, मग एकदम शांतता, आणि मग सगळ्यांचं एकत्र भरणं... हे मी पहिल्यांदा एका पब्लिक सर्व्हरवर लांबून पाहिलं. एक लाल रांग टेकडीवर चढत होती, मागे ड्रम, आणि आजूबाजूला आम्ही सगळे मोकाट धावणारे लोक, आम्हाला त्यांनी तीन मिनिटांत साफ केलं. त्याच रात्री ठरवलं की मला त्या रांगेत उभं राहायचंय.

फॉर्म साधा होता. वय, देश, टाईमझोन, माईक आहे का, आधी कुठल्या रेजिमेंटमध्ये होता का आणि सोडली असेल तर का. देशाच्या जागी इंडिया लिहिताना वाटलं आता नाही म्हणतील, कारण सर्व्हर युरोपात आणि माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) १८० च्या आसपास, पावसात अजून वर. दोन दिवसांनी टीमस्पीकवर, म्हणजे खेळताना एकमेकांशी बोलायच्या ॲपवर, मुलाखतीला बोलावलं. एक सार्जंट होता, इंग्लंडच्या उत्तरेकडचा, त्याचं इंग्रजी मला पहिली पाच मिनिटं धड कळेना, मी सरळ सांगितलं की सार्जंट जरा हळू बोला, तर तो खरंच हळू बोलला, आणि पुढे कायम माझ्याशी हळूच बोलायचा. त्याने पिंगचं विचारलंच नाही. त्याने विचारलं आठवड्यातून दोनदा येशील का, आणि गोळी झाडू नको म्हटलं तर नाही झाडणार ना. मी हो म्हणालो. मग कुठला म्हणून विचारलं, मी म्हणालो जालना, महाराष्ट्र, तर तो म्हणाला थांब, असई तिथून किती लांब? मी चाटच पडलो. असईवर परत येतो.

रिक्रूट झालो की नावापुढे टॅग लागतो आणि रांगेत सगळ्यात डावीकडे उभं राहायचं. गार्ड्समन व्हायला चार गोष्टी लागायच्या: सहा इव्हेंटना हजेरी, ड्रिलची परीक्षा, बेयोनेटची (संगिनीची) परीक्षा, आणि रेजिमेंटच्या इतिहासावर पाच मिनिटं बोलणं. वाचताना सोपं वाटतं, मला सात आठवडे लागले.

खरी लढाई वेळेशी होती. लाईनबॅटल, म्हणजे रेजिमेंटांनी रांगा करून लढायचा ठरलेला सामना, तिकडच्या म्हणजे इंग्लंडच्या रात्री आठला. उन्हाळी वेळ चालू असली की आपल्याकडे साडेबारा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात, मग थेट दीड. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला स्वतःलाही सुचलं नाही. त्या रविवारी मी साडेबाराला चॅनेलवर जाऊन बसलो, कुणीच नाही. वाटलं इव्हेंट रद्द झाला, पण उठलो नाही, तसाच बसून राहिलो, एक तासाने एकेक जण यायला लागला. सार्जंटने हजेरीत माझं नाव पहिलं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिस होतं, डोळे चुरचुरत होते, पण सहातली ती चौथी हजेरी होती आणि मला ती हवी होती.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आणखी एक अडचण. रात्री दीडला मी खालच्या खोलीत माईकवर हळू आवाजात 'येस सार्जंट' म्हणतोय आणि आई दारात. अरे कुणाशी बोलतोयस एवढ्या रात्री? म्हणलं आई, आमचं पथक आहे, कवायत चालूय. ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत उभी राहिली, सगळे एका रांगेत कसे चालतायत ते बघितलं, आणि म्हणाली गणपतीच्या लेझीमसारखंच की रे, एकाचं चुकलं की सगळ्यांचं चुकतं. मग दार लोटून गेली. मला आजवर ड्रिल इतक्या कमी शब्दांत कुणी समजावलेलं नाही.

ड्रिलमध्ये काय असतं तर रांग करणं, कॉलम करणं, उजवीकडे वळणं म्हणजे रांगेचं एक टोक जागेवर आणि दुसरं टोक फिरत येणार, मेक रेडी, प्रेझेंट, फायर, आणि सगळ्यात अवघड म्हणजे नुसतं उभं राहणं. समोरून गोळ्या येतायत, शेजारचा पडलाय, आणि ऑफिसर काहीच बोलत नाही. हात शिवशिवतो. पण तो थांबलाय कारण समोरची रांग अजून पन्नास पावलं जवळ यायचीय. पिंगमुळे मला हुकूम ऐकू येणं आणि माझी गोळी सुटणं यात अंतर पडायचं, चालत्या माणसाच्या थोडं पुढे धरायचं हे दोन आठवड्यांत अंगवळणी पडलं. रांगेत चालताना मात्र त्रास होता, मी माझ्या स्क्रीनवर बरोबर जागी असायचो आणि बाकीच्यांना मी अर्धं पाऊल मागे दिसायचो. मग शेजारच्याने युक्ती सांगितली की माझ्याकडे बघू नकोस, ऑफिसरच्या टोपीकडे बघून चाल.

तिसऱ्या इव्हेंटला मोठी चूक झाली. लाईनबॅटलचे नियम कडक असतात: रांग सोडून गोळी झाडायची नाही, त्याला एफओएल (फायर आउट ऑफ लाईन) म्हणतात, चार्ज म्हणजे धावून हल्ला सुरू झाल्यावर झाडायची नाही, आणि एकट्याने सुटून धावायचं नाही, त्याला रॅम्बो. आम्ही एका दगडी कुंपणामागे होतो, व्हॉली झाली, म्हणजे सगळ्यांनी एकदम गोळ्या झाडल्या, सगळे भरायला लागले आणि मध्येच ऑफिसरने रांग डावीकडे हलवली. माझं भरणं जवळजवळ झालं होतं, मी विचार केला एवढं पूर्ण करतो आणि धावत जातो. भरून झालं, समोर त्यांचा झेंडेवाला मोकळा दिसला, मी झाडली, तो पडला. दोन सेकंदांनी ॲडमिनने मला मारलं आणि सगळ्या सर्व्हरला दिसेल असं आमच्या रेजिमेंटला वॉर्निंग दिली. माझ्या नावाने नाही, रेजिमेंटच्या नावाने. बावीस लोक त्या रात्री नीट वागले होते आणि वॉर्निंग त्यांना.

मी मॅच संपल्यावर टीमस्पीक सोडणारच होतो, सार्जंटने वेगळ्या चॅनेलमध्ये बोलावलं. ओरडला नाही. म्हणाला, भरणं अर्धवट सोडून यायचं, रिकामी बंदूक घेऊन आलास तरी चालेल, तुझी जागा रिकामी नको. मग त्याने मला ऊगूमाँची गोष्ट सांगितली. १८ जून १८१५, नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई, ब्रिटिश फौजेच्या उजव्या अंगाला ते शेतवाडीसारखं ठिकाण, आत कोल्डस्ट्रीम आणि थर्ड फूट गार्ड्स. फ्रेंचांनी उत्तरेचा दरवाजा फोडला आणि काही जण आत घुसले. तेव्हा कर्नल मॅकडोनेल, कॉर्पोरल ग्रॅहम आणि आणखी मोजक्या जणांनी अंगाने ढकलून तो दरवाजा बंद केला. त्या क्षणी कुणाच्या बंदुकीत गोळी होती की नव्हती याने काही फरक पडला नसता, ते तिथे होते म्हणून दरवाजा लागला. मी ते ऐकलं आणि त्यानंतर एकदाही रांग सोडली नाही.

बेयोनेटची परीक्षा हा माझा कच्चा भाग. वर किंवा खाली भोसकायचं, आणि समोरचा करतो ते वर की खाली ओळखून अडवायचं, एवढंच, पण १८० पिंगला समोरच्याचा हात दिसेपर्यंत टोक आत गेलेलं असतं. सातपर्यंतच्या कुस्तीत, म्हणजे जो आधी सात जिंकेल तो, मी पहिल्या वेळी सात-शून्य हरलो. आमच्या रेजिमेंटच्या कॉर्पोरलने रोज वीस मिनिटं दिली, आपल्या रात्री साडेदहाला, तिकडे तो संध्याकाळी कॉलेजमधून येऊन जेवायच्या आधी बसायचा. त्याने शिकवलं की तू अडवायच्या मागे लागू नकोस, अंतर राख, त्याला हुकवू दे आणि मग मार. महिन्याने सात-चार हरलो, पण परीक्षेत चार लागत होते, पास झालो. त्या मुलाला मी कधी प्रत्यक्ष भेटलेलो नाही, पण इतक्या मनापासून शिकवणारे मला फार थोडे भेटलेत.

आता इतिहास. त्यासाठी वाचायला लागलो तेव्हा कळलं मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात गार्ड्स म्हणजे बकिंगहॅम पॅलेससमोरची ती अस्वलाच्या केसांची उंच टोपी. पण ती पूर्ण रेजिमेंटची टोपी झाली वॉटर्लूनंतर, आणि ती पण आधी फर्स्ट फूट गार्ड्सची, ज्यांना तेव्हाच ग्रेनेडियर हे नाव मिळालं. कोल्डस्ट्रीमला १८३१ मध्ये. वॉटर्लूच्या चिखलात ते शाको, म्हणजे नळकांड्यासारखी टोपी, घालून उभे होते. मग पाच गार्ड्स पलटणींच्या कोटावरची बटणं: ग्रेनेडियरची एकेक, कोल्डस्ट्रीमची दोन-दोन, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिश चार, वेल्श पाच. कोल्डस्ट्रीमचा मानाचा क्रम दुसरा, पण त्यांचं ब्रीद 'नली सेकंडस', कुणाच्याही मागे नाही. कारण त्यांची पलटण १६५० ची, ग्रेनेडियरची १६५६ ची, म्हणजे वयाने हेच थोरले. पण राजाच्या चाकरीत उशिरा आले म्हणून क्रम दुसरा. त्यांच्या जनरल मंकने १ जानेवारी १६६० ला स्कॉटलंडच्या सीमेवरच्या कोल्डस्ट्रीम गावातून लंडनकडे कूच केलं, नाव त्या गावावरून.

हे सगळं मी पाठ केलं होतं. पण सार्जंट म्हणाला, हे आम्हाला माहीतय, तू असई सांग.

असई आमच्या जिल्ह्यात, भोकरदनकडे. २३ सप्टेंबर १८०३. वॉटर्लूवाला वेलिंग्टन तेव्हा आर्थर वेलस्ली होता, समोर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात लढाई झाली. वाटाड्यांनी सांगितलं नदीला उतार नाही, वेलस्लीने बघितलं की समोरासमोर दोन काठांवर दोन गावं आहेत, म्हणजे लोक ये-जा करत असणारच, आणि उतार निघाला. तिथे गार्ड्स नव्हते, हायलँडरांच्या ७४ आणि ७८ नंबरच्या पलटणी होत्या आणि मद्रासचे शिपाई. आणि शिंद्यांचे गोलंदाज. हे सांगताना माझा आवाज बदलला असणार. ते गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफेपाशीच मेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. पुढे म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर त्याने असई म्हटलं, वॉटर्लू नाही. आणि वॉटर्लूच्या काळातली ब्रिटिश पायदळाची नेहमीची मस्केट, तिला इंडिया पॅटर्न म्हणतात, मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी बनवलेली, १७९७ पासून ब्रिटिश सैन्याने घेतली.

मी पाचाच्या जागी वीस मिनिटं बोललो. शेवटी एकाने विचारलं, तुला हा लाल कोट घालताना कसं वाटतं. मी म्हणालो, मी लहानपणी असईच्या रस्त्याने मामाच्या गावाला जायचो, तिथे कोण मेले ते मला माहितीय, आणि रांगेत उभं राहणं म्हणजे काय ते मला त्या गोलंदाजांमुळे जास्त कळतं, तुमच्या कोटामुळे नाही. टीमस्पीकवर कुणी काही बोललं नाही. मग आमच्या रेजिमेंटच्या कर्नलने माईक चालू केला आणि सगळ्यांना सर्व्हरवर बोलावलं, रांग लावली, आणि त्या गोलंदाजांसाठी एक व्हॉली आकाशात झाडायला लावली.

ड्रिलची परीक्षा पुढच्या बुधवारी झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, एक वळण चुकलं बाकी ठीक. रविवारच्या इव्हेंटआधी रात्री दीडला कर्नलने नाव पुकारलं, मी रांगेतून दोन पावलं पुढे आलो, रिक्रूटचा टॅग निघाला. आता गार्ड्समन. खऱ्या गार्ड्समध्ये प्रायव्हेटला गार्ड्समन म्हणायला पहिल्या महायुद्धानंतर सुरुवात झाली, त्याआधी प्रायव्हेटच, पण आमच्याकडे गार्ड्समनच म्हणतात आणि मला तेच आवडतं.

कुणाला यायचं असेल तर माईक चांगला घ्या, पंखा बंद करून बोला, राऊटरला छोटा यूपीएस लावा कारण लाईट गेली की हजेरी गेली, आणि घड्याळात तिकडची वेळ वेगळी लावून ठेवा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. सध्या डावीकडून दुसरा मी असतो, माझ्या डावीकडची जागा रिकामी आहे.