लगानचा अंपायर आणि कित्तूरचा

परवा २६ जानेवारीला आजोळी, बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडला गेलेलो. सकाळी झेंडावंदन, मग मामीच्या हातचं जेवण आणि दुपारी टीव्हीवर लगान. हा पिक्चर आमच्या घरात किती वेळा बघून झालाय त्याचा हिशोब नाही, २००१ला आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि त्याच दिवशी गदरपण लागलेला, आमच्या ग्रुपमध्ये आधी कुठला बघायचा ह्यावरून चक्क भांडणं झालेली. ते असूदे.

तर शेवटची ओव्हर चालू. शेवटचा बॉल, पाच रन पाहिजेत आणि स्ट्राइकला कचरा. कसाबसा एक रन निघतो, सगळा गाव मान खाली घालतोय, आणि तेवढ्यात अंपायरचा हात आडवा, नो-बॉल. मग भुवनचा सिक्स. सगळे टाळ्या वाजवायलेत आणि मामेभावाचा पोरगा, सातवीला आहे, तो म्हणतोय, "काका, अंपायर तर इंग्रजच हाय की. मग त्यानं नो-बॉल दिला कशाला? गप बसला असता तर जिंकलेच असते की ते."

आयला! पंचवीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अख्खा पिक्चर त्या एका अंपायरच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. गावच्या टीममधल्या गोलीच्या त्या गोफणीसारख्या बॉलिंगवर इंग्रजांचा कॅप्टन रसेल बोंब मारतो तरी ती चालते, आणि हरल्यावर पैज ठरल्याप्रमाणे पाळली जाते, तीन वर्षं लगान माफ, रसेलची बदली थेट आफ्रिकेला. म्हणजे कॅप्टन नालायक, खरं वरचे साहेब नियमाचे पक्के. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्या लोकांनी समजून घ्या.)

आता नंदगडात बसून असला प्रश्न कानावर पडला की डोकं कित्तूरकडं जाणारच, तिथनं फार लांब नाही ते. आणि गंमत अशी की कित्तूरवाल्यांनी पहिली मॅच खरंच जिंकलेली. १८२४चा सप्टेंबर, कित्तूर संस्थानचा राजा शिवलिंगरुद्रसर्ज वारला, पोटी मूल नाही म्हणून दत्तक घेतलेला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे, त्यानं दत्तक मानायला नकार दिला आणि खजिन्याला सील ठोकलं. डलहौसीचा तो दत्तक नामंजूरचा धडा आपण शाळेत पाठ केला तो ह्याच्यानंतर वीसेक वर्षांनी, आमच्याकडं ट्रायल आधीच झालेली म्हणायची. २३ ऑक्टोबरला थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दारात आला, आतनं राणी चन्नम्माचे लोक असे तुटून पडले की थॅकरे तिथंच मेला. (ह्याचा पुतण्या पुढं इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झाला, त्यानं काकावर एखादी लिहायला पाहिजे होती.) एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन साहेब जिवंत सापडले ते ओलीस.

इथं पिक्चर थांबवला तर झाला की लगान! ढोल वाजवा, पाऊस पाडा, नावं येऊ द्या.

खरं कित्तूरला अंपायर नव्हता. कमिशनर चॅपलिन, तोच समोरचा कॅप्टन आणि तोच पंच. ओलीस सोडा, लढाई थांबवतो असा शब्द मिळाला म्हणून राणीनं दोघांना सोडलं, आणि डिसेंबरात मोठी फौज घेऊन हे परत दारात. किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, १८२९ला ती तिथंच गेली. ऑक्टोबरातली मॅच जिंकणाऱ्यांना डिसेंबरात परत खेळायला लावलं, तेपण त्यांच्याच नियमानं. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचंपण दत्तकाचंच प्रकरण, त्यांना तर १८५८ला आमच्या बेळगावातच फाशी दिली.

आणि लगान म्हणजे शेतसारा म्हणाल तर त्यासाठी राणीपेक्षा रायण्णा बघायला पाहिजे. संगोळ्ळी रायण्णा, चन्नम्माच्याच फौजेतला, म्हणजे शेतसनदी, गावची राखण करायची आणि त्याबदल्यात जमीन कसायची. कंपनी सरकारनं त्या जमिनींवरच हात टाकला. आता हा माणूस काय करतोय बघा, बॅट घेत नाही, १८३०च्या सुमाराला बिडी, खानापूर, संपगाव ह्या भागातल्या सरकारी कचेऱ्या जाळतोय आणि त्यातले कागद. मला हे जाम आवडतं. सारा कुणाकडनं किती यायचा ते ज्या वहीत लिहिलंय ती वहीच राहिली नाही तर वसूल काय करणार? सोबतीला पण भुवनच्या टीमसारखेच सगळ्या जातीतले लोक, सिद्दी गजवीराचं नाव तर हमखास घेतात. आणि लाखासारखे फितूरपण होते, फरक एवढाच की लाखाला पिक्चरमध्ये सुधारायला चान्स मिळाला, इथं फितुरांनी रायण्णाला धरून दिला. २६ जानेवारी १८३१ला नंदगडातच फाशी. आम्ही सकाळी झेंडावंदन केलं ती तारीख, तेच गाव.

शाळेत असताना हे सगळं 'त्यांचं', म्हणजे कन्नडवाल्यांचं, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. सीमाभागात वाढलं की असल्या वाटण्या आपोआप होतात, बोर्डापासून महापुरुषांपर्यंत. त्या शेतसनदीच्या जमिनीवर मराठी राबत होते का कन्नड हे कंपनीच्या कारकुनानं विचारलं असेल असं मला वाटत नाही.

लगानच्या शेवटी अमिताभचा आवाज सांगतो की एवढं करून भुवनचं नाव इतिहासात कुठंतरी हरवून गेलं. रायण्णाचं उलटं झालं. त्याच्यावर गीगी पदं (कन्नड पोवाडेच म्हणा) रचली गेली, आणि नंदगडात त्याच्या समाधीवर जो वड आहे त्याला लोक अजून नवस बोलतात. मूल व्हावं म्हणून फांदीला छोटे लाकडी पाळणे बांधतात. फाशी दिलेल्या माणसाकडं पाळणा मागायचा, हे कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल देव जाणे.

आमच्या वहिनीनंपण एक बांधलेला, लग्नाला सात वर्षं होऊन गेल्यावर. त्या नवसाचा तो हा नो-बॉलवाला पोरगा. संध्याकाळी वडाखाली उभं राहून त्याला हे सगळं सांगितलं, थॅकरे, चॅपलिन, पाळणा, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं आणि म्हणतोय, "म्हणजे काका, मी एक्स्ट्रा रन काय?"