हँडब्रेक बसवताना: सगळं सोपं, एक चौकट सोडून

यंदा सोसायटीच्या गणेशोत्सवात रोज संध्याकाळी आरतीनंतर जुन्या कार्यक्रमांच्या क्लिप दाखवायचं ठरलं. आम्ही सहकारनगरात राहतो, इमारती जुन्या, माणसंही जुनी. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या नाटुकल्या, फॅन्सी ड्रेस, गाण्याच्या स्पर्धा, सगळं शूटिंगवाल्याने दिलेल्या डीव्हीडींवर घरोघरी कपाटात पडून होतं. ज्याने त्याने आपापल्या डीव्हीडी एमपी४ करून द्यायच्या आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर कसं बसवायचं ते मी लिहून द्यायचं, अशी वाटणी झाली. कंपनीत माझं कामच युजर मॅन्युअल लिहिण्याचं आहे. इथे वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे, म्हणून मी जास्तच मन लावून बसले.

एफएफएमपेग हे या कामातलं सगळ्यात ताकदवान साधन. फाब्रिस बेलार यांनी २००० साली ते सुरू केलं. पण त्याच्या स्वतःच्या साइटवर मिळतो तो सोर्स कोड. विंडोजसाठी तयार फाइल दुसरीकडून घ्यायची, ती उघडून ठेवायची, मग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या. ते काका-काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता. हँडब्रेक हा डीव्हीडीचं एमपी४ करून देणारा प्रोग्रॅम फुकट आहे, त्याला बटणं आहेत, आणि शूटिंगवाल्याच्या डीव्हीडीला कॉपी अडवणारं कुलूप नसल्यामुळे तो ती सरळ उघडतो. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीचं तसं नाही, हे पत्रकात पहिल्याच पानावर घातलं.

डाउनलोड, 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'फिनिश' हे सगळ्यांनी बिनबोभाट केलं. अडलं ते पुढे.

हँडब्रेकच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की काहींच्या लॅपटॉपवर एक छोटी चौकट येते: डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम हवा. हँडब्रेकची विंडोजवरची खिडकी मायक्रोसॉफ्टच्या या रनटाइमवर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या आधाराच्या सॉफ्टवेअरवर, चालते. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही. चौकटीत लिहिलेलं असतं सगळं, पण वाचतो कोण? एरर आला म्हणून चौकट बंद करायची आणि गूगलवर 'डॉटनेट' शोधायचं, हे जवळजवळ प्रत्येकाने केलं. तिथून जे डाउनलोडचं पान उघडतं, त्या पानाचा मला अजून राग आहे.

डावीकडे एसडीके. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. उजवीकडे एकाखाली एक तीन रनटाइम: एएसपी डॉटनेट कोअर, डेस्कटॉप आणि नुसता रनटाइम. प्रत्येकासमोर विंडोजच्या ओळीत एआरएम६४, एक्स६४, एक्स८६, म्हणजे प्रोसेसरचे प्रकार. ज्याला फक्त नातवाचं नाटक एमपी४ करायचंय त्याने यातून नेमकं एकच अक्षर-आकड्याचं जोडपं निवडायचं! शेजारच्या काकू माझ्यासमोर बसून निवडत होत्या. त्यांचं बोट एक्स८६वर गेलं. चौसष्टपेक्षा शहाऐंशी मोठा, म्हणजे नवा असणार. कुणीही असाच विचार करेल. प्रत्यक्षात एक्स८६ म्हणजे ३२ बिटचा, आणि हँडब्रेक ६४ बिटचा.

संतापजनक भाग याच्या पुढचा. चुकीचा रनटाइम बसवला तरी तो मुकाट बसतो. शेवटी हिरवी खूण आणि 'यशस्वी' असा निरोपसुद्धा येतो. मग हँडब्रेक उघडायला जावं तर पुन्हा तीच चौकट. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, झालं म्हणतंय की!" त्यांचं बरोबरच होतं. नुसता रनटाइम घेतला तरी हेच होतं. आणि आमच्या वेळी हँडब्रेक डॉटनेट ८ मागत होता. एका काकांनी 'लेटेस्ट ते बेस्ट' म्हणून त्याच्या पुढची आवृत्ती बसवली, तरी चौकट हटेना. एका आवृत्तीसाठी बांधलेला प्रोग्रॅम पुढच्या मोठ्या आवृत्तीवर आपोआप चालत नाही, हे कुठल्याच सोप्या मार्गदर्शिकेत मला दिसलं नाही. सगळ्या 'डॉटनेट इन्स्टॉल करा' एवढ्या एका ओळीवर पुढे जातात.

म्हणून माझ्या पत्रकाचा अर्धा भाग या एका पायरीला दिला. चौकट आली की बंद करायची नाही, आधी मोबाइलवर तिचा फोटो काढायचा, कारण आवृत्ती आणि एक्स६४ दोन्ही तिच्यातच लिहिलेलं असतं. मग उतरवलेल्या फाइलचं नाव वाचायचं: सुरुवातीला 'विंडोजडेस्कटॉप', शेवटी 'एक्स६४'. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तर ती फाइल उघडायचीच नाही. बसवून झाल्यावर सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत 'विंडोज डेस्कटॉप रनटाइम' आणि कंसात एक्स६४ दिसतंय का ते पाहायचं. हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. कुणी एसडीके बसवून बसलं असेल तर काढायला लावू नका. आवृत्ती तीच असेल तर त्यात डेस्कटॉप रनटाइमही येतो, फक्त डाउनलोड उगाच जड होतं.

ही पायरी अशी लिहून काकूंना पत्रक दिलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेरून त्यांचा आवाज आला, "उघडलं!" मला झालेला आनंद कंपनीतल्या कुठल्याही मॅन्युअलने दिलेला नाही.

डाउनलोडबद्दल सांगायचं राहिलं. हँडब्रेक डॉट एफआर हा पत्ता स्वतः टाइप करा, शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकची फाइल बदलून त्यात प्रोटॉन नावाचा ट्रोजन, म्हणजे लपून येणारा घातक प्रोग्रॅम, घातला गेला होता. अधिकृत जागी हे झालं, तर नकली साइटचं काय सांगावं. विंडोजची निळी इशाऱ्याची खिडकी आली तर 'मोअर इन्फो' आणि 'रन एनीवे', पण फाइल त्याच पत्त्यावरून घेतली असेल तरच.

आणखी एक: डीव्हीडीतला 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर आधी लॅपटॉपवर कॉपी करा, चरे पडलेली डिस्क मध्येच दगा देते. प्रीसेट, म्हणजे हँडब्रेकमधलं तयार सेटिंग, 'फास्ट ५७६पी२५' घ्या, कारण आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या. १०८०पी निवडून जुनं चित्र स्पष्ट होत नाही.

पत्रकात डॉटनेटच्या आवृत्तीची जागा मी कोरी ठेवली आहे. हँडब्रेकची नवी आवृत्ती आली की तो आकडा बदलतो, म्हणून चौकटीच्या फोटोत पाहून तिथे पेन्सिलनेच लिहा.