मदरबोर्डची बारीक शिट्टी

आमच्या बेळगावच्या वडगावात दिवसा हे लक्षातच येत नाही, चारी बाजूला माग चालू असतात, त्यात कॉम्प्युटरचं कोण ऐकणार. रात्री माग बंद पडले की मग कॅबिनेटमधनं बारीक चीऽऽ सुरू, आणि गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये पान खाली-वर केलं की सूर बदलतो, माउस हलवला की किर्रर्र, सोडला की परत चीऽऽ. बाबांना काहीच ऐकू येत नाही. वय झालं की वरच्या पट्टीचे आवाज कानाला कमी पोचतात आणि त्यांचं तर आयुष्य मागावर गेलंय, ते म्हणतात तुझ्याच कानात काहीतरी शिरलंय. बहिणीची पोरगी मात्र खोलीत आली की पहिला कानावर हात ठेवते.

असा आवाज आला की बहुतेकांचा संशय पंख्यावर नाहीतर पॉवर सप्लायवर जातो आणि दुकानात पण आधी तेच गळ्यात मारतात. पैसे घालायच्या आधी फक्त एवढं बघा की आवाज कशानं बदलतोय. पंखा घरघरतो, कॅबिनेटच्या पंख्याची वायर काढून मशीन थोडा वेळ चालवलं की निकाल लागतो, सीपीयूच्या (मुख्य चिपच्या) पंख्याला मात्र हात लावू नका. स्पीकरमधनं येत असेल तर ते प्रकरणच वेगळं, तिथं अर्थिंग बघायचं, नाहीतर स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड लावून बघायचं. आणि फक्त लाइट गेल्यावर, इन्व्हर्टरवरच, जाड गुंऽऽ येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (साध्या चौकोनी लहरींचा) आहे का ते विचारा.

आमच्यात यातलं काहीच नव्हतं. पॉवर सप्लाय दोस्ताचा आणून लावला तरी चीऽऽ तशीच. मग वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं मदरबोर्डवर फिरवत गेलो, सीपीयूच्या शेजारी जे चौकोनी राखाडी ठोकळे असतात ना, तिथं आवाज एकदम मोठा. गॅरेजवाले स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात तसलं इथं करू नका, चालू बोर्डवर लोखंड टेकलं की संपलंच.

ते ठोकळे म्हणजे चोक, चुंबकीय गाभ्यात (कोर) बसवलेलं तारेचं वेटोळं. उद्यमबागेत मोटार वाइंडिंग करणारा माझा एक मित्र आहे, त्याला सांगितलं तर हसला, म्हणला, "चोक गाणारच की गा, ट्यूबलाइटचा गात नव्हता काय?" बरोबर आहे, तो ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० फेऱ्यांच्या) लाइटवर १०० हर्ट्झचा गुंऽऽ करायचा. मोटारीचं वाइंडिंग हे लोक वार्निशमध्ये बुडवतात, तारा जागेवर घट्ट राहाव्यात हेही त्यातलं एक कारण. बोर्डवरचे चोक लाखो हर्ट्झवर चालतात, ते आपल्याला ऐकूच येत नाही, पण सीपीयूला काम नसलं की तो झोपतो, परत उठतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा, आणि दर वेळी करंट एकदम कमी-जास्त होतो. त्या झटक्यांनी चोकची तार आणि कोर थरथरतात, शेजारचे सिरॅमिक कपॅसिटर पण थरथरतात, आणि हा वेग बरोबर आपल्या कानाच्या टप्प्यात येतो. गेमिंग माउस हलत असताना सेकंदाला साधारण १००० वेळा पीसीला खबर देतो, म्हणून तो हलवला की किर्रर्र.

पडताळायचं असेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतं ते बोर्डचं सेटिंग) जाऊन सी-स्टेट, म्हणजे सीपीयूच्या झोपेच्या पायऱ्या, बंद करा. आमचा आवाज लगेच जवळजवळ गेला. पण मी परत चालू केले, कारण ते बंद ठेवले की सीपीयू झोपायचंच सोडतो, उगाच गरम होतो आणि रिकामा बसून लाइट खातो, नुसत्या शिट्टीसाठी एवढं कशाला. माउसचा पोलिंग रेट (सेकंदाला किती वेळा खबर द्यायची तो आकडा) १००० वरनं १२५ वर आणला, कॅबिनेट टेबलावरनं खाली ठेवलं, आता दार लावलं तर बाहेर काय ऐकू येत नाही. ग्राफिक्स कार्डाचं पण असंच असतं, गेमच्या मेनूत सेकंदाला फ्रेम (चित्रं) शेकड्यांनी पळतात तेव्हा ते केकाटतं, तिथं फ्रेम ६० वर अडवल्या की बऱ्यापैकी गप्प बसतं.

तारा घट्ट बसाव्यात म्हणून चोकवर नेलपॉलिश ओतायचा सल्ला देणारे पण भेटतात. नव्या बोर्डवरचे चोक मुळातच बंद ठोकळे असतात, वरनं काय ओतलं तरी आत जात नाही, वॉरंटी तेवढी जाते. पॉवर सप्लाय तर उघडूच नका, पिन काढल्यावर पण आतल्या मोठ्या कपॅसिटरात ३०० व्होल्टच्या वर उरलेलं असू शकतं.

नुसत्या शिट्टीनं बोर्ड मरत नाही. कडकड आवाज आला किंवा जळका वास आला तर मात्र आधी बटण बंद, बाकी सगळं नंतर. वॉरंटीत "हे नॉर्मल आहे" असंच ऐकायला मिळायची शक्यता जास्त, आणि बदलून दिलेला बोर्ड पण गाणाराच निघू शकतो, म्हणून नवीन घेताना आवाज आला तर परत घेणार काय हे दुकानात बिल करायच्या आधीच विचारून ठेवा.