पुन्हा पुन्हा कॅज्युअल्टीत येणारी माणसे

कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरला काही रुग्णांची नावे केस पेपर न पाहताच सांगता येतात. धाप लागून पहाटे येणारे आजोबा, दारू अचानक थांबल्यामुळे फिट येऊन रस्त्यावर पडलेला मजूर, इन्सुलिन संपल्यावर बेशुद्धावस्थेत आणली जाणारी एकटी बाई, डायलिसिस चुकल्यामुळे छातीत पाणी भरून आलेला तरुण. यांना तपासले जाते, स्थिर केले जाते, घरी पाठवले जाते आणि काही आठवड्यांत ती पुन्हा त्याच स्ट्रेचरवर दिसतात. मी वैद्यकीय समाजसेवेच्या कामात आहे, आणि या माणसांबद्दल "हा परत आला" असे थकलेल्या आवाजात म्हटलेले ऐकते तेव्हा मला वाईट वाटते. म्हणणाऱ्याचा थकवा खरा असतो. पण ही माणसे सेवेचा गैरवापर करतात, हा त्यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. ज्याला नातेवाईक नाहीत, ज्याच्याकडे कागदपत्रे नाहीत आणि ज्याचा आजार ओपीडीची वेळ पाहून बळावत नाही, त्याच्यासाठी दिवसाचे चोवीस तास उघडे असलेले दार हे एवढेच असते.

डायलिसिसच्या रुग्णाचे उदाहरण थोडे सविस्तर सांगते, कारण त्यात सगळी गुंतागुंत दिसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक गरीब रुग्णांना डायलिसिस मोफत मिळते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रापर्यंत जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे लागते, आणि रुग्ण अशक्त असेल तर सोबत येणाऱ्या मुलाची त्या दिवसाची रोजंदारी बुडते. महिन्याच्या अखेरीस पैसे संपले की एक फेरी चुकते. शरीरात पाणी साठते, आडवे झोपता येईनासे होते आणि मध्यरात्री १०८ला फोन जातो. मग रुग्णवाहिका, प्राणवायू, तातडीचे डायलिसिस, कदाचित आयसीयूतली खाट, असे सगळे काही उपलब्ध केले जाते आणि त्यासाठी कोणीही खळखळ करत नाही. मात्र रिक्षाच्या ज्या भाड्यामुळे हे टळले असते, ते देण्याची तरतूद कोणाकडेच नसते. डिस्चार्ज कार्डावर आम्ही "नियमित डायलिसिस, पाणी मोजून पिणे, फॉलो-अप ओपीडी" असे लिहितो. वैद्यकीयदृष्ट्या तो सल्ला अचूक असतो. तो रुग्णाला आधीपासून पाठही असतो.

यात कोणा एका विभागाचा दोष दाखवता येत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या होत्या आणि ७०४ प्राथमिक सुविधांच्या. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाले. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस या फोनवरच्या सरकारी समुपदेशन सेवेचा क्रमांक २०२२पासून उपलब्ध आहे. वस्तीपातळीवर आशा सेविका आहेत. व्यवस्थेचे तुकडे आहेत आणि त्यांपैकी अनेक चांगले आहेत. परंतु प्रत्येक तुकडा एका घटनेपुरता विचार करतो: एक फोन, एक भरती, एक शस्त्रक्रिया, एक डिस्चार्ज. त्या घटनांच्या मधल्या दिवसांत माणूस कोठे झोपतो, काय खातो आणि त्याच्या गोळ्या कधी संपतात, हे पाहणे कोणाच्याही कामाच्या यादीत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटिश रेड क्रॉसने २०२१ साली इंग्लंडमधल्या आपत्कालीन विभागांत वारंवार येणाऱ्या लोकांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. वर्षातून पाच किंवा अधिक वेळा येणारे हे लोक लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. पण आपत्कालीन विभागातल्या १६ टक्क्यांहून अधिक भेटी आणि रुग्णवाहिकेच्या २९ टक्के फेऱ्या त्यांच्या होत्या. जेथे प्रत्येकाला कुटुंब-डॉक्टर नेमून दिलेला असतो, तेथेही असे घडते. म्हणजे दवाखान्यांची संख्या वाढवली की हे आपोआप थांबेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

असे सुटे तुकडे रुग्णाभोवती जोडण्याचा, म्हणजे समन्वयाचा, सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन या गरीब शहरात झाला. डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी शहरातल्या रुग्णालयांच्या बिलांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा एक टक्का रुग्णांवर एकूण खर्चाच्या सुमारे ३० टक्के रक्कम जात असल्याचे त्यांना आढळले. मग परिचारिका, समाजसेवक आणि वस्तीतले आरोग्य कार्यकर्ते यांची पथके तयार झाली. रुग्ण वॉर्डात असतानाच पथक त्याला भेटे, डिस्चार्जनंतर त्याच्या घरी जाई, गोळ्या समजावून देई, डॉक्टरांच्या भेटीला सोबत करी आणि सरकारी मदतीचे अर्ज भरून देई. सुरुवातीचे आकडे पाहून सगळे भारावून गेले, कारण पथकाच्या देखरेखीखाली आलेल्या रुग्णांच्या भरतीचे प्रमाण स्पष्टपणे खाली आले होते. ब्रेनर यांना २०१३ साली मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा सन्मान मिळाला.

त्यानंतर या मंडळींनी जे केले, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. आपल्या कामाची काटेकोर चाचणी व्हावी, असे त्यांनी स्वतःच ठरवले. ८०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला पथकाची साथ मिळाली, दुसऱ्याला नेहमीचीच सेवा. निकाल जानेवारी २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. १८० दिवसांच्या आत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण पथकाच्या गटात ६२.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ६१.७ टक्के होते. फरक जवळजवळ नव्हताच.

असे का झाले असावे? एक कारण गणिती आहे आणि ते आपल्याकडच्या प्रत्येक प्रकल्प अहवालाला लागू पडते. रुग्णाची निवड त्याच्या सर्वांत वाईट काळात होते, म्हणजे सहा महिन्यांत दोन-तीनदा भरती झाल्यावर. त्यानंतर त्यांतल्या अनेकांची प्रकृती तशीही काहीशी सावरते, आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नसेल तर त्याचे श्रेय प्रकल्पाला मिळते. "आधी इतक्या वेळा आला, नंतर इतक्याच वेळा आला" एवढ्यावर कोणी यशाचा दावा करत असेल, तर मी आता त्यावर विश्वास ठेवत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. अनेक रुग्णांना पक्के घर नव्हते, फोन नव्हता, व्यसनावरचे उपचार सहज मिळत नव्हते. पथक त्यांना सेवांपर्यंत नेऊ शकत होते. पण ज्या सेवाच नव्हत्या किंवा अपुऱ्या होत्या, त्या पथक कोठून आणणार? समन्वय हा दुवा आहे, आणि दुव्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी असावे लागते.

या निकालाचा विचार करताना मला राहून राहून गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरच्या काळजीचा जो प्रयोग केला, त्यातही तुलनेचा गट होता: ३९ गावांत सेवा आणि ४७ गावे तुलनेसाठी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. आजारी नवजात बाळ आणि पाच आजार असलेला बेघर प्रौढ यांची सरळ तुलना होणार नाही, हे मी जाणते. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. गडचिरोलीत घरी येणाऱ्या आरोग्यदूत बाईकडे केवळ सल्ला आणि चिठ्ठी नव्हती. बाळाला ऊब देण्याचे, श्वास सुरू करण्याचे आणि जंतुसंसर्ग ओळखून तिथेच प्रतिजैविक इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण आणि साहित्य तिच्याकडे होते. ती बाळाला कोणाकडे तरी पाठवत नव्हती; उपचार घेऊन घरी जात होती. पुढे २०११ साली ही पद्धत देशभर स्वीकारली गेली, आणि आज आशा सेविका रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा ठरलेल्या भेटी देते आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळतो.

डिस्चार्जनंतर ठरलेल्या दिवशी घरी जायचे, ही कल्पना आपल्या व्यवस्थेला परकी नाही, हे यातून दिसते. ती आपण एका वयोगटापुरती मान्य केली आहे. वारंवार कॅज्युअल्टीत येणाऱ्या प्रौढ रुग्णासाठीही तशाच भेटी ठरवता येतील. आणि भेट देणाऱ्याकडे देण्यासारखे काही असावे, ही अट मी पहिली ठेवीन. महिन्याच्या गोळ्या, डायलिसिसच्या फेऱ्यांचे भाडे, इन्सुलिन ठेवायला फ्रीज नसलेल्या घरात ते मडक्याच्या गारव्यात कसे ठेवायचे हे प्रत्यक्ष दाखवण्याइतका वेळ, आणि गरज पडल्यास खाट मिळवून देण्याचा अधिकार. आज समाजसेवा अधीक्षकांचा दिवस योजनेचे अर्ज, रेशन कार्डाच्या अडचणी, अनोळखी रुग्णांच्या नातेवाइकांचा शोध आणि धर्मादाय खाटांसाठीचे फोन यांतच संपतो. रुग्ण फाटकाबाहेर गेला की आमचे काम नियमानुसार संपलेले असते, मग मनात कितीही हुरहुर राहो.

बेघर रुग्णाच्या बाबतीत ही अडचण सर्वांत तीव्र होते. शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असा निकष आहे. पण निवारा असला, तरी ऑक्सिजनची गरज असलेल्या किंवा स्वतःचे स्वतः करू न शकणाऱ्या माणसाला ठेवून घेण्याची सोय तेथे बहुधा नसते. रुग्णालय म्हणते की आता भरतीची गरज नाही, आणि निवारा म्हणतो की हा फार आजारी आहे. दोघांचेही खरे असते, आणि माणूस फुटपाथवर असतो. आजारातून उठणाऱ्या बेघर माणसासाठी रुग्णालय आणि निवारा यांच्या मधली, साध्या शुश्रूषेची जागा प्रत्येक मोठ्या शहरात हवी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी नव्या महागड्या इमारतीची गरज नाही. रात्री जागणारी एक सिस्टर, औषधांचे कपाट आणि दोन वेळचे जेवण एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

कायद्याने एक वाट आधीच दाखवली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ९८नुसार मनोरुग्णाला डिस्चार्ज देण्यापूर्वी पुढील उपचारांचे नियोजन करणे बंधनकारक आहे. ते रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याकडे राहणार त्या कुटुंबीयांशी आणि पुढे जबाबदारी घेणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून ठरवायचे असते. दम्याच्या, मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला हा हक्क का नसावा, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

मात्र या कामात एक धोका आहे आणि तो सुरुवातीलाच बोलून दाखवला पाहिजे. वारंवार येणाऱ्यांची यादी तयार झाली की ती "नेहमीचे" म्हणून मागे ठेवायच्या लोकांची यादी बनायला वेळ लागत नाही. दारूच्या वासामुळे डोक्याला झालेली इजा दुर्लक्षित राहू शकते, आणि जुन्या छातीत दुखण्याच्या तक्रारीमागे या वेळी खरोखर हृदयविकाराचा झटका असू शकतो. म्हणून यादीत नाव घालण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी, यादी समन्वय करणाऱ्या व्यक्तीकडे असावी, आणि कॅज्युअल्टीच्या टेबलावर तिचा उपयोग केवळ त्या व्यक्तीला फोन करण्यापुरता व्हावा. तपासणी प्रत्येक वेळी पहिल्या वेळेइतकीच पूर्ण व्हायला हवी.

मोजमापाबद्दलही माझा आग्रह आहे. रुग्ण कॅज्युअल्टीत कमी वेळा आला, एवढीच नोंद ठेवली तर गावी निघून गेलेला, दुसऱ्या रुग्णालयात जाऊ लागलेला आणि मरण पावलेला रुग्णही यशाच्या रकान्यात जातो. त्यामुळे येणे थांबलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे तो आता कोठे आहे, त्याच्याकडे औषधे आहेत का आणि त्याला शेवटचे कोणी व केव्हा पाहिले, हे लिहिण्याची सोय त्या नोंदवहीत पहिल्या दिवसापासून असावी, आणि ते शोधायला बाहेर पडणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च मंजूर झालेला असावा.